रान कोणाचे, चारा कोणाचा?

गोंदिया जिल्हा धानाचा. सुगी सरली की गुरांच्या वाट्याला तणस येते. त्याने पोट भरते, पोषण होत नाही. त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के, सिलिका मात्र भरपूर. युरियाची प्रक्रिया केल्यास तणस अधिक पचते, हे ज्ञान जुनेच आहे. परंतु खरा प्रश्न रानाचा आहे.

महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेल्या जमिनींवर पूर्व विदर्भातील गावांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरली. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना वनजमीन ठरविले. नवेगाव-नागझिरा हा २०१३ सालीच व्याघ्रप्रकल्प झाला होता. वन वाचलेच पाहिजे. पण त्याची किंमत दोन जनावरांच्या धन्यानेच का मोजावी? २००६ च्या वनहक्क कायद्याने मान्य केलेली चराई हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

झाशीला १९६२ पासून चारा संशोधन संस्था आहे, नागपुरात पशुविज्ञान विद्यापीठ आहे. त्यांच्या विद्येची कसोटी या रानात लागावी. कुसळी गवत कोवळे असताना गुरे आवडीने खातात. कुसळे धरल्यावर तेच तोंडाला जखमा करते. घाणेरी आणि तरोटा चराई गिळतात. कोणते रान केव्हा राखावे, हे गोवारी गुराख्याला ठाऊक आहे. त्याला सोबत घेऊन गावोगाव पाहणी करावी, शेडा-मारवेलचे बियाणे गावातच वाढवावे आणि व्यवस्थापन ग्रामसभेकडे सोपवावे.

रानावरचा हक्क अनिर्णित ठेवून केलेले संशोधन कागदावरच हिरवे राहील.