आधी सुई, मग सुरी

छातीतली गाठ हाताला लागते ती बहुतेक वेळा अंघोळीच्या वेळी. दुखत नाही, ताप नाही, वरून काही दिसत नाही. बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा चाचपून बघते, मग भीतीने आठवडाभर तिकडे हातच नेत नाही. कुणाला तरी सांगायचं ठरवते तोवर घरात काही ना काही निघालेलं असतं. मुलाची बारावी, नणंदेचं बाळंतपण, गौरी-गणपती. आणि जिला सांगते ती धीर द्यायला म्हणते, "दुखत नाही ना? मग चरबीची असेल, शेक दे."

हा धीर फार महागात पडतो. कर्करोगाची गाठ सुरुवातीला सहसा दुखतच नाही. पाळीच्या आधी दोन्ही बाजू जड होतात, ठणकतात, ते बहुधा हार्मोन्समुळे. एकाच बाजूला, एकाच जागी, पाळी येऊन गेली तरी तशीच राहिलेली कडक गाठ दाखवण्याची घाई करायला हवी, मग ती दुखो की न दुखो. गाठ नसताना कातडीला खळगा पडला, स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलं, त्यातून रक्ताळ पाणी आलं, त्यावर खाज-खपली येऊन मलमाने बरी होईना, काखेत गाठ लागली, तरी हाच नियम.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर भीतीनेच बायका घरी बसतात. तपासायला येणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. विशी-तिशीत बोटाखालून सटकणारी फायब्रोअडेनोमाची गाठ सर्रास आढळते. पस्तिशी ओलांडल्यावर पाण्याच्या गाठी होतात. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध साकळून गाठ येते. पण वय वाढेल तसं हे पारडं फिरतं, आणि गाठ साधी आहे हे शेजारणीने, आईने किंवा स्वतः त्या बाईने ठरवायचं नसतं. २०२२ या एका वर्षात भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांवर मृत्यू झाल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्याकडे हा आजार साधारण दहा वर्षं आधी गाठतो. 'मी अजून चाळिशीचीच आहे' हा दिलासा इथे पुरत नाही. पुरुषांनाही तो होतो, शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो. त्यांच्या तर मनातही येत नाही.

किती थांबायचं? पाळी चालू असेल आणि वय कमी असेल तर एक पाळी येऊन जाऊ द्या. त्यानंतरही गाठ असेल तर पुढच्या आठवड्यात डॉक्टर. पाळी गेलेली असेल तर तेवढंही थांबायचं कारण नाही. लक्षण दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत तीन महिन्यांहून जास्त काळ गेला की जगण्याची शक्यता घटते, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या आढाव्यात दिसलं. म्हणजे रात्रीत काही बिघडत नाही, झोप उडवून घेऊ नका. पण 'दिवाळीनंतर बघू' असं म्हणण्याइतका वेळही हातात नसतो.

आपल्याकडे बाई आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा फॅमिली डॉक्टरकडे जाते. जाऊ दे. तिथून सर्जनकडे चिठ्ठी मिळाली पाहिजे, एवढं बघायचं. सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या सर्जरी ओपीडीत केसपेपर काढून थेट जाता येतं. तपासणी ब्लाउजवरून होत नाही. बसवून, हात वर करायला लावून, मग झोपवून, दोन्ही बाजू, दोन्ही काखा आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरची जागा बघायची असते. खोलीत नर्स किंवा सोबतची बाई हवी असं सांगायचा तुमचा हक्क आहे, आणि चांगले डॉक्टर स्वतःहूनच तिला बोलावतात. शेवटची पाळी कधी आली, कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, हे आठवून जा. वडिलांकडची आत्या आणि आजीही त्यात धरायची. ती बाजू बहुतेक जणी विसरतात.

त्यानंतर सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी. तिशीच्या आत बहुधा सोनोग्राफीच आधी करतात, कारण तरुण वयात स्तनाचा भाग घट्ट असतो आणि मॅमोग्राफीत गाठ त्यात लपते. चाळिशीनंतर सहसा दोन्ही. रिपोर्टच्या शेवटी 'बायरॅड्स' आणि एक आकडा लिहिलेला असतो, तो वाचायला शिका. १ किंवा २ म्हणजे काळजीचं काही दिसलं नाही. ३ म्हणजे बहुधा साधी, पण सहा महिन्यांनी पुन्हा बघायची. ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी केलीच पाहिजे. ० म्हणजे तपासणी अपुरी, अजून चित्रं काढायची आहेत. शून्य बघून पेढे वाटू नयेत. आणि हाताला गाठ लागते आहे पण मॅमोग्राफी 'नॉर्मल' आली, तर तिथे थांबायचं नाही. हाताला लागणारे काही कर्करोग मॅमोग्राफीत दिसत नाहीत.

यापुढे सुई. इथे आपल्या समाजाचं घोडं अडतं. "सुई लावली की पसरतो" हे वाक्य मी शिकल्यासवरल्या घरांत ऐकलं आहे, इंजिनिअर मुलाच्या तोंडून ऐकलं आहे. बायोप्सीमुळे आजार पसरतो आणि माणूस लवकर जातो, याला काहीही पुरावा नाही. जगभर लाखो स्त्रियांची तपासणी याच पद्धतीने होते. पसरतो तो न तपासता काढलेल्या महिन्यांत.

ही सुई नेमकी काय असते हे सांगितलं तर निम्मी भीती जाते. जागा बधिर करायचं इंजेक्शन देतात, तेवढं चुणचुणतं. कातडीला बारीकशी चीर. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टर सुई गाठीपर्यंत नेतात आणि म्हणतात, "आता टक असा आवाज येईल, दचकू नका." आवाज येतो. सुईच्या खाचेत शेवईएवढा मांसाचा धागा निघतो, तो फॉर्मालिनच्या बाटलीत टाकतात. असे चार-पाच धागे. मग थोडा वेळ दाबून धरायचं, पट्टी लावायची, आणि बाई त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जाते. याला कोअर बायोप्सी म्हणतात; दवाखान्यात 'ट्रूकट' म्हणतात. बारीक सुईची जी दुसरी तपासणी असते, एफएनएसी, तिच्यात सुट्या पेशी मिळतात. कर्करोगाची शंका असेल तेव्हा तेवढ्यावर भागत नाही, धागाच लागतो. आणि सोनोग्राफी-मॅमोग्राफी सुईच्या आधी झालेली बरी, कारण सुईनंतर आत थोडं रक्त साकळतं आणि चित्र धूसर येतं.

हाताची तपासणी, चित्र आणि सुई, या तिन्हींची उत्तरं जुळली पाहिजेत. हाताला दगडासारखी लागणारी गाठ बायोप्सीत 'काही नाही' आली, तर सुई पुन्हा लावायला सांगा. कदाचित ती योग्य जागी पोचली नसेल.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. माझ्या मोठ्या जाऊबाईंना पंचेचाळिशीत गाठ लागली. त्या घाबरल्या नाहीत, लपवलं नाही, आठ दिवसांत तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. सगळं शहाण्यासारखं केलं. डॉक्टरांनी बोटांनी चाचपून सांगितलं, "छोटीशी आहे ताई, अर्ध्या तासाचं काम. काढून टाकू, डोक्याला ताप नको." सोनोग्राफी नाही, सुई नाही. दुसऱ्या दिवशी गाठ काढली, स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवून माझ्या दिरांना दाखवली, "बघा, साधी होती" म्हणाले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. काही महिन्यांनी त्याच टाक्यांखाली कडकपणा आला आणि काखेत गाठ. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पहिला प्रश्न आला तो आधीच्या गाठीच्या स्लाइड आणि ब्लॉक कुठे आहेत हा. ब्लॉक म्हणजे काढलेला तुकडा मेणात जपून ठेवतात ती वडी. आमच्याकडे काहीच नव्हतं. गाठ तपासणीला गेलीच नव्हती, ट्रेमधून कचऱ्यात गेली होती. जाऊबाई आज आहेत, बऱ्या आहेत. पण गाठ पहिल्यांदा लागली तेव्हा जो स्तन वाचवता आला असता, तो पूर्ण काढावा लागला.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट असती तर मी ती इथे मांडली नसती. कर्करोगाचे सर्जन वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत, की गाठ आधीच अर्धवट कापून आलेल्या बायका त्यांच्याकडे येत राहतात. साधी समजून काढलेली गाठ कडेचा निरोगी भाग सोबत न घेताच निघते, म्हणजे आजार मागे उरतो. चीर कुठेही दिलेली असते, त्यामुळे पुढची शस्त्रक्रिया मोठी करावी लागते. शिवाय आज उपचारांची सुरुवात प्रत्येक वेळी सुरीने होतही नाही. गाठ हार्मोन्सवर पोसणारी आहे का, हर-टू प्रकारची आहे का, की यांपैकी काहीच नाही, हे त्या शेवईएवढ्या धाग्यावरून कळतं. काही प्रकारांत आधी केमोथेरपी देतात, गाठ लहान होते आहे ना हे दर फेरीला बघतात, आणि मग थोडक्यात शस्त्रक्रिया करतात. गाठच जागेवर नसेल तर औषध लागू पडतंय की नाही हे कशावरून बघणार?

गाठीत पू झाला असेल तर तो काढावाच लागतो. साधी गाठ असल्याचं बायोप्सीने ठरलं आणि ती मोठी आहे, वाढते आहे किंवा खुपते आहे म्हणून काढली, तर तेही ठीक. माझा आक्षेप आहे तो निदानाच्या आधी सुरी चालवण्याला. आणि एकदा काढलेला कुठलाही तुकडा, डॉक्टर कितीही खात्री देवोत, पॅथॉलॉजीकडे गेलाच पाहिजे. स्लाइड आणि ब्लॉक रुग्णाला मागता येतात. मागा, आणि रेशनकार्डासारखे जपून ठेवा.

रिपोर्ट कर्करोगाचा आला तरी स्तन जाणार असं ठरलेलं नसतं. गाठ आणि कडेचा भाग काढून मग रेडिएशन दिलं, तर योग्य रुग्णांत जगण्याची शक्यता पूर्ण स्तन काढण्याइतकीच राहते. इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेल्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले आणि हा वाद मिटला. तरीही आपल्याकडे 'सगळंच काढून टाका, कटकट नको' हे बऱ्याचदा घरातले पुरुष ठरवतात, आणि बाई शेजारी गप्प बसलेली असते. तिला विचारा. दुसरं मत घ्यायचं तर एक घ्या, आठवड्याभरात घ्या. पाच दवाखाने आणि एक काढेवाला फिरण्यात तेच महिने जातात.

पैशाची धास्ती खरी आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशन बसतात, आणि कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन उपचार सुरू होण्याआधी तिथे जा, बिल झाल्यावर नको.

आणि सरकारकडे माझं एक मागणं आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी करत होत्या. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला होता, आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले होते. आज राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी आरोग्य केंद्रात व्हायची आहे. पण नर्सताईला गाठ लागली आणि त्या बाईला सुईसाठी जिल्ह्याला तीन हेलपाटे पडले, तर ती तिसऱ्यांदा जाणार नाही. ती गावातल्याच 'अर्ध्या तासाच्या कामा'ला हो म्हणेल. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस छातीच्या गाठींसाठी ठेवा, तिथेच सोनोग्राफी आणि ट्रूकट होऊ द्या. सुईचा खर्च उशिराच्या उपचारांपुढे अगदी किरकोळ आहे.

तोवर, हे वाचताना ज्यांना स्वतःची गाठ आठवली, त्यांनी या आठवड्यातला वार आणि सोबत कोण येणार ते आजच ठरवावं. आणि गाठ काढण्याच्या संमतीपत्रावर सही मागितली, तर बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडेपर्यंत ती करू नये.