कॅमेऱ्यात डुक्कर दिसेल, हटेल का?



पेंचच्या जंगलात वणवा हेरणारा कॅमेरा वनखात्याने 2024 मध्ये मनोऱ्यावर बसवला. चांगले केले. पण त्याच जंगलातली डुकरे, रोही आमच्या ज्वारीत शिरली की जागल आमची, नुकसान आमचे, आणि 1972 च्या कायद्याने बांधलेले हातही आमचेच. आता दुकानदार सांगतो, शेतात कॅमेरा लावा, घरून बघा! (मोटारपंप नेणारा चोर कॅमेरा सोडेल?) घ्यायचाच तर सिमकार्डावर, सोलर प्लेटवर चालणारा, अंधारात दिसणारा घ्या, रानात वायफाय कुठले? पण जनावर सरकारने राखायचे, तर कॅमेऱ्याचा खर्चही सरकारनेच सोसावा. तारीख-वेळेचा फोटो पंचनाम्यात पुरावा धरावा. ही मागणी घेऊन आम्ही नागपूरच्या वनभवनावर जाणार आहोत. नासलेल्या पिकाचे फोटो बैठकीला आणा.