मतपत्रिका आणि उसाचा फड
१९६१ च्या निवडणूक नियमांप्रमाणें सैनिकास मतपत्रिका टपालानें मिळते. २०१६ च्या दुरुस्तीनें ती विद्युत्-मार्गेंही धाडतां येते. २०२४ पासून पंचाऐंशी वर्षांपुढील वृद्धानें अर्ज केल्यास अधिकारी मतपत्रिका घेऊन त्याच्या दारीं जातात. हें यथायोग्यच आहे. परंतु बीडचा ऊसतोड मजूर पोटासाठीं परजिल्ह्यांत गेला, कीं तोच नियम मूग गिळून बसतो! २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरास, ऐन गळिताच्या तोंडावर, झाली. फिरत्या टोळीचा ठिकाणा कसा लागावा, असें विचारणारांस आमचा उलट प्रश्न आहे: उचल देणाऱ्या मुकादमास ती सांपडते, कारखान्यास सांपडते, मग निवडणूक कचेरीसच तेवढी कां सांपडूं नये? जो लिफाफा सीमेवर पोंचतो, तो उसाच्या फडावर पोंचविणारा नियम करणें अशक्य नाहीं. इच्छा मात्र हवी.