गटावरची गोष्ट घरात यावी

शाहूवाडी तालुका म्हणजे डोंगर, पाऊस आणि विखुरलेल्या वाड्या. शाळेत झालेले भांडण पूर्वी घरी परतण्याच्या लांब वाटेवरच विरून जात असे. २०२० मध्ये करोनाने शाळा बंद पडल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मोबाईल मुलांच्या हाती द्यावा लागला. पुढे शाळा उघडल्या, मोबाईल मात्र हातातच राहिला. आता ते भांडण मुलासोबत घरी येते आणि त्याच्या उशाशी झोपते.

वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर कोणाच्या रंगावरून, जातीवरून, वडिलांच्या धंद्यावरून चेष्टा होते. कोणी मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर बनावट खाते उघडतो. स्नेहसंमेलनातले तिचे छायाचित्र घाणेरड्या ओळी जोडून फिरवले जाते. समोरासमोरच्या खोडीत समोरच्याच्या डोळ्यांतले पाणी दिसते, म्हणून हात थांबतो. पडद्याआड ते पाणी दिसत नाही. शिवाय बघ्यांची संख्या मोजता येत नाही आणि एकदा पुढे गेलेले चित्र परत बोलावता येत नाही.

यात शिक्षा कोणाला होते? बहुतेक वेळा जिचा छळ झाला तिलाच. मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितले तर पहिल्यांदा तिचाच मोबाईल काढून घेतला जाईल आणि दुसऱ्यांदा तिची शाळा, हे तिला ठाऊक असते. एस. टी.ने माध्यमिक शाळा गाठणाऱ्या मुलीच्या बाबतीत 'आता पुरे झाले शिक्षण' हे वाक्य घराघरांत किती सहज उच्चारले जाते! ज्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंडाची तरतूद केली, त्याच भूमीत एका बनावट खात्यापायी मुलीचे दप्तर खुंटीला लागावे, याची लाज खाते उघडणाऱ्याइतकीच आपल्यालाही वाटली पाहिजे.

कायदा नाही, ही सबब खरी नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले; परंतु तोतयेगिरी आणि खासगी छायाचित्रांचा गैरवापर यांविरुद्धची कलमे कायम आहेत. अल्पवयीनांच्या लैंगिक छळासाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. १०९८ आणि १९३० हे क्रमांक आहेत. पुरावा म्हणून मजकुराची छायाप्रत जपून ठेवावी; संतापाच्या भरात तो पुसून टाकू नये. मात्र चेष्टा करणारा चौदा वर्षांचा पोरगाही आपल्याच गावचा असतो. त्याला पोलीस ठाण्याची पायरी दाखवण्याआधी, गुन्हा गंभीर नसेल तर, मुख्याध्यापकांसमोर दोन्ही घरांनी बसावे हे बरे.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास दूरचित्रवाणी व मोबाईल बंद ठेवण्याचा पायंडा पाडला. अहिल्यानगर जिल्ह्यातील सौंदाळा गावाच्या ग्रामसभेने २०२४ मध्ये आई-बहिणीवरून शिव्या देणाऱ्यास पाचशे रुपये दंड ठरवला. हे दुसरे उदाहरण आम्हाला अधिक मोलाचे वाटते. कारण मुलांनी ही भाषा आणली कोठून, या प्रश्नाला ते थेट भिडते. थोरांच्या गटांवर रात्री-अपरात्री जे वाचायला मिळते, त्यात आपल्या विचारांची म्हणवणारी मंडळीही मागे नाहीत, हे कटू असले तरी नमूद केलेच पाहिजे. राष्ट्राभिमान सांगणारा मजकूर पाठवायचा आणि त्याच बोटांनी कोणाच्या आईचा उद्धार करायचा, हे घरातले मूल खांद्यावरून वाचत असते.

संघाच्या शताब्दीनिमित्त पुढे आलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. शाहूवाडीतल्या कार्यकर्त्यांनी त्याचा आरंभ आपल्या मोबाईलपासून करावा. आठवड्यातून एकदा सहभोजनाच्या पंगतीत मुलाला विचारावे, 'तुमच्या गटावर या आठवड्यात कोणाला रडवले?' उत्तर काहीही आले तरी त्या दिवशी मोबाईल हिसकावून घेऊ नये.