घर तारण ठेवायचं, पण कुणासाठी?

बी.कॉम. झालेल्या मुलीनं पुढे काय शिकावं, हा प्रश्न आमच्या सल्ला केंद्रात अलीकडे वरचेवर येऊ लागला आहे. मारहाणीची, पोटगीची प्रकरणं जिथे येतात तिथे हे कशाला, असं काही कार्यकर्त्यांना वाटतं. मला ते अगदी योग्य जागी आलंय असं वाटतं, कारण एम.कॉम. की एम.बी.ए. हा प्रश्न मुळात मालमत्तेचा आहे. विषयाची आवड, गणितातले मार्क वगैरे बोलणी त्यानंतरची.

मुली सांगतात ते थोड्याफार फरकानं एकच असतं. भावाला एम.बी.ए.ला घातलं, तिला गावातल्या कॉलेजात एम.कॉम. करायला सांगितलं. घरातून जाऊन-येऊन होतं, फी कमी, आणि मधेच स्थळ आलं तर सोडताही येतं. सोडता येणं हा या पदवीचा सर्वात मोठा गुण! मुलग्याची पदवी निवडताना हा गुण कुणी तपासलेला मी ऐकला नाही.

आता या क्षेत्रात नोकऱ्या कशा मिळतात ते बघू. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या मोजक्याच संस्थांमध्ये जाऊन मुलं निवडतात. तुमचं कॉलेज त्या यादीत नसेल तर विद्यापीठात पहिली आलात तरी त्यांच्या दारात उभं राहणं कठीण. म्हणजे पदवी कुठून घेतली याला तिथे पदवीच्या नावापेक्षा जास्त किंमत. हिशेब तपासणी, कर, बँकांचं कर्जवाटप या कामांत तसं नाही; तिथे सी.ए.ला मान आहे, खर्च एम.बी.ए.च्या मानानं फारच थोडा, आणि दोन वर्षांच्या आर्टिकलशिपमध्ये थोडे का होईना पैसे हातात येतात. पण ती परीक्षा किती प्रयत्नांत सुटेल ते सांगता येत नाही. शेअर बाजारातल्या कंपन्यांचा अभ्यास करायचा असेल तर सी.एफ.ए.च्या तीन पायऱ्या नोकरी करता करता चढता येतात. मला विचाराल तर, ज्या मुलीला घरून फक्त दोन वर्षं मिळणार आहेत तिनं कुठल्याही साध्या खाजगी संस्थेत आठ-दहा लाख भरून एम.बी.ए. करू नये. ती निव्वळ लूट आहे.

चांगल्या संस्थेतलं एम.बी.ए. वेगळं. पण तिथे आधी एक-दोन वर्षं नोकरी केलेली असली तर बरं पडतं. बाविसाव्या वर्षी पदवी, दोन वर्षं नोकरी, दोन वर्षं शिक्षण, म्हणजे सव्वीस. घरातला हिशेब इथेच अडतो. सव्वीस वर्षांचा मुलगा नुकता हाताशी आलेला असतो आणि सव्वीस वर्षांची मुलगी राहून गेलेली!

मग येतं कर्ज. अहमदाबादच्या आय.आय.एम.ची दोन वर्षांची फी आज पंचवीस लाखांच्या घरात आहे. अशा नावाजलेल्या संस्थांसाठी बँका तारण न घेताही कर्ज देतात, २०२४ च्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतही निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीन लागत नाही. इतर ठिकाणी साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक तारण मागते. घर, जमीन, नाहीतर मुदत ठेव. मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेवलेली मुदत ठेवसुद्धा चालते, पण ती मोडायची नसते, तिच्या नावावर असली तरी! शिक्षण संपल्यावर एक वर्षानं हप्ते सुरू होतात आणि ते पंधरा वर्षांपर्यंत चालू शकतात. 'कर्ज असलेली मुलगी कोण करून घेणार?' हे वाक्य मी आयांच्याच तोंडून ऐकलं आहे. हुंडा देऊन मुलगी खपते, कर्ज घेऊन शिकलेली खपत नाही.

महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये हिंदू कुटुंबातल्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः वाटा दिला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा प्रकरणात तो पक्का केला. आणि आपल्याकडे काय चालतं? बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आणि तेच घर भावाच्या एम.बी.ए.साठी तारण ठेवायचं. सही करताना तिला कुणी सांगतं का, की बाई, यात तुझीही पदवी होती?

राज्य शासनानं जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. चांगलं झालं. पण प्रवेश केंद्रीय फेरीतूनच हवा, आणि पुण्या-मुंबईत राहण्या-जेवणाचा खर्च डोक्यावर राहतोच.

काही मैत्रिणी म्हणतात, ही वरच्या वर्गातल्या मुलींची दुखणी, आपण कशाला वाहायची? ज्यांच्या घराला सातबारा नाही, सिटी सर्व्हेचा उतारा नाही, त्या वस्तीतल्या मुलीला विचारा. तारण नाही म्हणून पहिली गळते ती. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. याच कन्सल्टिंग कंपन्या सरकारला खाजगीकरण शिकवतात. २००३ चा बॉम्बे फर्स्ट-मॅकिन्झीचा 'व्हिजन मुंबई' अहवाल आणि २००४-०५ च्या हिवाळ्यात तोडलेल्या हजारो झोपड्या मी विसरलेली नाही. म्हणूनच ते तक्ते उलटे वाचू शकणाऱ्या बायका आपल्यात हव्यात. शिवाय मुलगा त्या नोकरीत जाताना आपण कधी त्याच्या विचारसरणीची परीक्षा घेतो का? मग मुलीचीच का?

आणि पदवी मिळाली म्हणजे सगळं मिळालं असंही कुणी समजू नये. शिकागो विद्यापीठाच्या एम.बी.ए. झालेल्या स्त्री-पुरुषांवर बर्ट्रांड, गोल्डिन आणि कॅट्झ यांनी २०१० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. सुरुवातीचे पगार जवळजवळ सारखे, पुढे दहा-पंधरा वर्षांत मोठी दरी. कारणं तीन: बायकांनी फायनान्सचे विषय कमी घेतलेले, मधे नोकरीत खंड, आणि कामाचे कमी तास. शेवटची दोन मुख्यतः मूल झाल्यावरची. पहिलं मात्र वर्गात बसल्या बसल्या टाळता येतं. मुलींनो, मनुष्यबळ विभाग 'बायकांना बरा' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या आणि फायनान्सचा पेपर घ्या.

आपल्या केंद्रांनी एवढं तर करावंच. हक्कसोडपत्र घेऊन येणाऱ्या प्रत्येक मुलीला सहीआधी विचारावं, तुला पुढे शिकायचं आहे का, आणि शिक्षणकर्जाचा अर्ज तिच्यासमोर ठेवावा. लग्न झालेलीलाही हे कर्ज मिळतं, सहकर्जदार म्हणून आई चालते. आमच्याकडे हे सुरू केल्यापासून दोघींनी सही पुढे ढकलली आहे. एकीचा भाऊ केंद्रात येऊन भांडून गेला.