ताटाची लाज आणि शीलाची कसोटी

गेल्या महिन्यात एक तरुण बौद्ध दांपत्य भाडेकराराचा मसुदा दाखविण्यासाठी माझ्याकडे आले. ‘भाडेकरू पूर्णतः शाकाहारी आहे’ असे एक कलम त्यात होते. मी विचारले, हे खरे आहे काय? पतीने मान खाली घातली. घरी रोज भाकरी, वरण, पालेभाजी. महिन्यातून एकदोनदा मासळी, पाहुणा आला तर मटण. “तसे आम्ही शाकाहारीच म्हणायचे, साहेब. सुकटीचा डबा गावी आईकडे ठेवून आलो.” त्यावर पत्नी म्हणाली, “दर पौर्णिमेला विहारात खोटे न बोलण्याचे शील घ्यायचे आणि येथे खोट्यावर सही करायची, हे कसे?”

बंधुभगिनींनो, त्या भगिनीचा प्रश्न आपणा सर्वांचा आहे.

प्रथम धम्माचे पाहू. काही सज्जन आपल्याला सांगू लागले आहेत की, जो मासळी खातो तो खरा बौद्ध नव्हे. हे त्यांना कोणी सांगितले? भिक्षूंनी आजन्म मत्स्यमांस खाऊ नये, असा सक्तीचा नियम करावा, ही मागणी भगवान बुद्धांपुढे आली होती. ती करणारा देवदत्त होता, आणि बुद्धांनी ती नाकारली. आपल्यासाठी प्राणी मारला गेल्याचे पाहिलेले, ऐकलेले वा तसा संशय असलेले मांस भिक्षूने घेऊ नये, अशी मर्यादा त्यांनी घातली.

दिनांक १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा पाहा. कायद्याचा अर्थ लावताना आम्ही वकील एक साधा नियम पाळतो : लिहिणाऱ्याने एका गोष्टीस स्पष्ट मनाई केली आणि तिच्या शेजारच्या गोष्टीस केली नाही, तर ती चूक नव्हे, तो हेतू होय. त्या प्रतिज्ञांत मद्याचा त्याग स्पष्ट शब्दांत आहे. प्राणिमात्रांविषयी दयाही आहे. मांसाचा त्याग नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा उलगडा करताना मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत भेद केला; नियम माणसाला बांधतो आणि तत्त्व त्याला विचार करावयास लावते, हे दाखविले.

परंतु यावरून कोणी मोकाट सुटू नये. भिक्षूला दिलेली सवलत ही बाजारातून कोंबडी कापून आणणाऱ्या उपासकाची सनद नव्हे. मांसाचा व्यापार उपासकाने करू नये, असेही बुद्धवचनांत सांगितले आहे. त्याचा आपण गांभीर्याने विचार केला पाहिजे. आणि जो बौद्ध म्हणवून आजही नवसाचा बकरा जत्रेत नेतो, त्याला माझ्या या लेखाचा कसलाही आधार मिळणार नाही. देवापुढे जीव देणे हा आपण सोडलेला धर्म आहे. जे करुणेने मांस सोडतात त्यांना माझे वंदन. जे क्वचित खातात त्यांनी ते कमी करीत जावे, हेही मी म्हणेन.

माझे भांडण करुणेशी नाही. माझे भांडण लाजेशी आहे.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या ढोरांचे मांस सोडण्यास सांगितले. कशासाठी? कोणी आपल्याला घरात घ्यावे म्हणून नव्हे. फेकलेल्यावर जगणे माणुसकीला शोभत नाही, म्हणून. आज आमचा सुशिक्षित तरुण सुकटीचा डबा लपवितो तो शेजाऱ्याने शुद्ध मानावे म्हणून. वरून पाहता दोन्ही ठिकाणी त्यागच दिसतो. पण पहिल्या त्यागाने माणूस ताठ उभा राहिला, दुसऱ्याने तो वाकतो आहे. पूर्वी विहिरीवर जात विचारीत; आज जिन्यात विचारतात, “तुम्ही खाता का?” या प्रश्नाआडून पुष्कळदा जुनाच प्रश्न डोकावत असतो.

आणि हा प्रश्न विचारणाऱ्यांचा देश तरी कोणता? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटात मासळी, कोंबडी वा मांस कधीच न खाणाऱ्या स्त्रिया सुमारे २९ टक्के आणि पुरुष सुमारे १७ टक्के आहेत. अर्थात बहुसंख्य भारतीय कधी ना कधी खातातच. मग अपराध्यासारखे आपणच का वागावे?

कायद्याचेही स्पष्ट सांगतो. खोटी आशा दाखविणार नाही. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आहेत. खासगी मालकाचे भाड्याचे घर तेथे नमूद नाही. २००८ साली अहमदाबादच्या पर्युषणातील कत्तलखानाबंदी वैध ठरविणाऱ्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, माणूस काय खातो ही त्याची खासगी बाब असून ती कलम २१ च्या छत्राखाली येते. म्हणजे शासनाविरुद्ध आपल्या हाती शस्त्र आहे. घरमालकाविरुद्ध ते अजून अपुरे आहे. ते पुरे करून घेण्यासाठी मागणी करावी लागेल. पण जो करारावर खोटे लिहून देतो, तो उद्या फिर्याद कोणत्या तोंडाने करणार? त्याने स्वतःच्याच सहीने अन्याय मान्य केलेला असतो.

म्हणून त्या दांपत्याला मी दोनच मार्ग सांगितले. मांस सोडावयाचे तर मनापासून सोडा आणि मग सही करा. सोडावयाचे नसेल, तर ते कलम खोडण्यास सांगा. ऐकले नाही तर दुसरे घर शोधा. त्यांनी दुसरा मार्ग धरला. घर लहान मिळाले, स्थानकापासून दूर मिळाले. पण परवा ते डबा आणावयास गावी गेले, आणि तो आता त्यांच्या स्वयंपाकघरात सर्वांना दिसेल असा फळीवर आहे.

आपल्या ताटात काय असावे हे आपल्या करुणेने ठरवा. शेजाऱ्याच्या नाकाने ठरवू नका. मासळीचा तुकडा शीलाला डाग लावतो की नाही, यावर वाद होऊ शकेल. भीतीपोटी बोललेले खोटे डाग लावते, यावर वाद नाही.