शिकारीची सुरी, घिसाड्याची सुरी आणि कंदुरीचे दोन बोकड

मागच्या रविवारी मावसभावाची कंदुरी होती. कन्नडच्या डोंगरपट्ट्यात त्याचं शेत, बांधावर मोठी चिंच, दोन उस्मानाबादी बोकड आणि जेवायला दीडशे माणूस. हलाल करायला मुलाणीचाचा, चुलीवर मामा, आणि सोलायला-फोडायला मी आणि भाचा.

भाच्याने पुण्याहून येताना नेटवरून मागवलेली ‘हँडमेड हंटिंग नाइफ’ आणली. साडेतीन हजारांची. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी, हाडाची मूठ, चामड्याचं म्यान. माझ्याकडे घिसाड्याने ट्रकच्या पाट्याची करून दिलेली सुरी होती, तीनशे रुपयांची, पाच वर्षं वापरातली. तिसरी मावसभावाच्या घरातली, कारखान्याची स्टीलची. तिन्ही सुऱ्या एकाच दिवशी एकाच कामाला लागल्या, म्हणून ही नोंद.

शिकारीचं आधीच सांगून टाकतो, कारण सुरीचा विषय काढला की आपल्याकडच्या पोरांचं डोकं लगेच रानडुकराकडे जातं. गौताळ्याच्या कडेचे आपण, मक्यात डुक्कर शिरलं की काय होतं ते मला कुणी सांगायला नको. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याची लेखी परवानगी मिळून जनावर मारलं गेलं तरी ते सरकारची मालमत्ता ठरतं. त्याला सुरी लावायचा हक्क आपल्याला नाही. तेव्हा शिकारीच्या सुरीचं जे काम जगात असतं, झाडाखाली, उघड्यावर, जनावर गरम असताना ते साफ करणं, ते आपल्याकडे बोकडावरच होतं. काम तेच आहे. सुरीची परीक्षाही तीच.

पहिला बोकड भाच्याच्या सुरीने घेतला. मागच्या पायाच्या नळीला फासा देऊन चिंचेला उलटा टांगला. पायाच्या आतल्या बाजूने चीर द्यायला सुरुवात केली, तर पातं सहा इंच लांब आणि पाठीला पाच मिलिमीटर जाड. धार लागलेली, पण धारेमागे लगेच जाडी. असं पातं कातडं कापत नाही, फाडत जातं. त्यात टोक लांब आणि वर वळलेलं. पोटाची चीर देताना टोक कुठं आहे ते बोटाला कळेना. दोन बोटं आत घालून, धार वर ठेवून, आतून बाहेर कापत जायचं असतं. म्हणजे कोथळ्याला धक्का लागत नाही आणि केसातल्या मातीने धारही मरत नाही. भाच्याला सांगितलं होतं. तरी टोक निसटलं आणि आतड्याला लागलं. घाण मांडीवर आली. तेवढा भाग कापून टाकावा लागला, सव्वा-दीड किलो गेलं. मामा चुलीपाशी बसून काही बोलले नाहीत, पण बघत होते.

(बोकडाला आदल्या रात्रीपासून चारा बंद आणि पाणी चालू ठेवलं होतं म्हणून निभावलं. कोथळा भरलेला असता तर अर्धा बोकड गेला असता.)

दुसरा बोकड मी घेतला. घिसाड्याच्या सुरीचं पातं चार इंच, पाठ अडीच-तीन मिलिमीटर, टोक जवळपास बोथट. दिसायला काळी, हातोड्याच्या खुणा अजून पात्यावर. चीर दिली, चार ठिकाणी कातडं मोकळं केलं, मग सुरी तोंडात धरली आणि मूठ घालून कातडं उतरवलं. जाणत्याला माहीत आहे, बोकड मुठीने सोलतात, सुरी फक्त वाट करून देते. कातड्याला एक भोक नाही. कातड्याला आज भाव राहिला नाही ही गोष्ट वेगळी, पण भोक पडलं की मांसालाही चीर जाते. आतडं, कोथळा, पित्त सगळं धडपणे बाहेर आलं. खांद्याचे आणि मांडीचे सांधे सोडवले. छातीच्या हाडाला मात्र सत्तूरच घेतला. सुरीने हाड फोडायला जाणाऱ्याने धारेबद्दल तक्रार करू नये. शेवटपर्यंत निसण्यावर एकदाच घासावी लागली.

स्टीलची सुरी मध्ये-मध्ये मावसभाऊ वापरत होता. गंजत नाही, धुवायला सोपी. पण पोलाद मऊ. दहा मिनिटांत बोथट, घासली की पुन्हा दहा मिनिटं. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की हात घसरतो. त्याचा अंगठा कापला तो असाच. मांस बारीक करायला ठीक आहे, सोलायला नाही.

आता यावरून कुणी म्हणेल, हातची सुरी भारी, कारखान्याची हलकी. माझं म्हणणं तसं नाही. भाच्याची सुरीही हातचीच होती. मुद्दा हाच आहे की ती करणाऱ्या हाताने कधी जनावर सोललेलं नव्हतं किंवा सोलणाऱ्याला विचारलेलं नव्हतं. फोटोसाठी केलेली सुरी फोटोत चांगली दिसते.

त्या नक्षीचंही सांगतो. दमास्कस म्हणून विकतात. जुन्या दमास्कस तलवारींचं पोलाद आपल्याच दख्खनचं. जुन्या निजाम राज्यात, निजामाबादेकडच्या कोनासमुद्रमला मुशीत ते पिकवायचे आणि इराणचे व्यापारी ते न्यायला तिथं येऊन राहायचे. आज नेटवर मिळतं ते वेगळं. दोन जातींच्या पोलादाचे थर एकत्र ठोकून, घड्या घालून, शेवटी तेजाबाने नक्षी उठवलेली असते. चांगल्या कारागिराचं असेल तर पातं चांगलंच होतं, पण नक्षीमुळे धार टिकत नाही. धार टिकते ती पोलादातल्या कार्बनमुळे आणि त्याला दिलेल्या पाण्यामुळे.

ट्रकच्या पाट्यात शेकडा अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास कार्बन असतो. सुरीला तेवढा पुरतो. पुढचं सगळं घिसाड्याच्या डोळ्यावर. आमच्याकडे ते ज्वारीच्या काढणीआधी येतात, आता बैलगाडीऐवजी टेम्पोने. गावाबाहेर पाल ठोकतात. बाई घण मारते, गडी सांडशीत पातं धरून फिरवतो. पाणी द्यायच्या वेळी तो भट्टीवर पोत्याची सावली करतो. मी एकदा विचारलं, ऊन लागतं का? म्हणाला, मालक, उन्हात रंग दिसत नाही. लोखंड सुमारे 770 अंशाला लोहचुंबकाला चिकटायचं थांबतं, त्याच्या थोडं पुढं गेलं की बुडवायचं. तो चुंबक वापरत नाही, रंग बघतो. बुडवतो तेलात. मग पातं कानशीने घासून चकचकीत करतो आणि पुन्हा हळूहळू तापवतो. आधी वाळल्या कडब्यासारखा पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. सुरीला कडब्याच्या रंगावर थांबायचं, कुऱ्हाडीला जांभळ्या-निळ्यावर. कारण कुऱ्हाडीला मार सोसायचा असतो.

हे दुसरं तापवणं चुकलं की सुरी काचेसारखी होते. माझी पहिली सुरी अशीच गेली. त्या दिवशी मीच घाई केली होती, बाजाराला जायचं म्हणून भट्टीवरून तशीच उचलून आणली. दुसऱ्याच बोकडाला सांध्यात अडकून टोक तुटलं. तो तुकडा मांसात शोधायला अर्धा तास गेला. चूक माझी होती, पण गावभर मी घिसाड्याला नावं ठेवली. त्याची आजही लाज वाटते.

घिसाड्याच्या सुरीत खोटही आहे, ती सांगितली पाहिजे. मूठ. लाख भरून बसवलेली लाकडी मूठ चरबीचा हात लागला की साबणासारखी होते, आणि बोट धारेवर जायला अडसर नसतो. मी सुतळी गुंडाळतो, पण सुतळीत रक्त मुरतं, वास धरते, प्रत्येक वेळी बदलावी लागते. दुसरं, गंज. रक्त-मिठाचं पातं रात्रभर राहिलं की सकाळी खड्डे. धुऊन, कोरडं करून खोबरेल तेलाचा हात द्यायचा, आळस चालत नाही.

आणि सुरी कितीही चांगली असो, अचानक मेलेल्या जनावराला लावू नका. नाकातून, गुदद्वारातून काळपट न गोठणारं रक्त येत असेल तर फाशी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकतो. उघडलं की जंतू मातीत वर्षानुवर्षं राहतात. तिथं डॉक्टरला फोन करायचा. गाभडणाऱ्या शेळ्यांच्या कळपात ब्रुसेला असतो, तोही हातावरच्या जखमेतून माणसाला होतो. त्यामुळे मावसभावाचा अंगठा मी आधी साबणाने धुऊन बांधला आणि त्याला कामावरून उठवलं. तो रागावला, रागावू दे.

कायद्याची आणखी एक गोष्ट. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं घरकामाचं, शेतीचं नसेल तर ते शस्त्र कायद्यात येतं. चार इंचांत सगळं काम होत असताना पोरांनी हात-हातभर सुऱ्या मागवून कमरेला लावू नयेत.

तीनशेच्या सुरीसाठी आपण पन्नास रुपये कमी करायला घिसाड्याशी अर्धा तास घासाघीस करतो. नेटवरच्या साडेतीन हजारांना भाच्याने एक शब्द काढला नव्हता. मीही पाच वर्षांपूर्वी घासाघीस केलीच होती.

औंदा पाल पडलं की दोन सुऱ्या सांगणार आहे, एक भाच्यासाठी. ट्रॉलीचा तुटलेला पाटा शेडमध्ये ठेवलाय. पातं चार इंच, टोक बोथट, पाठ तीन मिलिमीटरच्या आत, पातं मुठीच्या शेवटापर्यंत जाऊ दे आणि दोन पितळी खिळे, मूठ बाभळीची, पुढं बोटाला अडसर. पाचशे देईन म्हणून आत्ताच ठरवलंय. आणि त्या दिवशी बाजाराला जाणार नाही.